काशीबाई नदीखालून गेली

काशीबाईचं सगळं आयुष्य चालण्यात गेलं होतं. पेणच्या खाडीकाठच्या गावात ती जन्मली, त्याच गावात दिली गेली, आणि उभं तरुणपण मिठागरात सरलं. डोक्यावर मिठाची टोपली घेऊन बांधावरून राशीकडं, राशीवर ओतून पुन्हा आगराकडं. पुढं मिठागरं मोडली, डोलवीला कंपनी आली, तेव्हा ती कंत्राटी माणसांसाठी भाकऱ्या भाजू लागली आणि भाकऱ्यांची टोपली घेऊन गेटापर्यंत चालू लागली. कामाशिवाय, नुसतं बघायचं म्हणून, ती कधी उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. धाकटी बहीण इंदुबाई रोह्याला, कुंडलिका नदीपलीकडच्या अष्टमीत दिलेली. तिच्याकडंही जाणं व्हायचं ते बारशाला, नाहीतर बाराव्याला.

तिचा मुलगा जगन मात्र लहानपणापासून पाण्याचा वेडा. धरमतरच्या खाडीत गाळ उपसायला एक परदेशी जहाज आलं होतं, तेव्हा त्या जहाजावर भाजीपाला पोचवणाऱ्या होडीवर तो कामाला होता. ती यंत्रं बघून त्याची भूकतहान हरपली. जहाजावरच्या लोकांच्या मागं लागून तो आधी हेल्पर झाला, मग परीक्षा देत देत वर चढला, आणि शेवटी बेल्जियममध्ये, अँटवर्प नावाच्या बंदरात जाऊन राहिला. चौथ्या वर्षी त्यानं आईवडिलांना बोलावलं. वडील गुणाजी विमानाचं नाव काढताच अंगणात निघून गेले.

"तू जा गो," तिथूनच ते म्हणाले. "कोंबड्या मी बगतो."

अशी काशीबाई एकटीच विमानात बसली.

अँटवर्पही नदीकाठचंच. समुद्र लांब, पण नदी एवढी रुंद की मोठमोठी जहाजं आत येतात. जगननं रजा काढली होती. आईला बरोबर घेऊन सगळं शहर पायी दाखवायचं, असं त्यानं कधीपासून ठरवून ठेवलेलं. आदल्या संध्याकाळी त्याच्या गाळ उपसणाऱ्या जहाजावरून फोन आला. एक माणूस आजारी पडला होता, जगनला सकाळच्या शिफ्टला जावं लागणार होतं.

"जा बाबा," काशीबाई म्हणाली. "शहर काय पलून जाते?"

म्हणाली खरी, पण जीव खट्टू झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत दिवसभर खिडकीतून समोरची छपरं बघत बसायचं, याचा तिला आधीच कंटाळा आला होता.

सकाळी उठली तर जगन गेलेला, आणि फोनवर त्याचे निरोप आलेले. एकाखाली एक, सगळे बोललेले. काशीबाईला सही येत होती, वाचण्याचं मात्र अवघडच. म्हणून जगन तिला नेहमी बोलूनच निरोप धाडायचा. तिनं पहिला दाबला.

"आये, मी नाय म्हनून तू घरात बसू नको. मी तुला फिरवतो. हा निरोप ऐकलास की सांगतो तिथं जा. पोचलीस की दुसरा ऐक. मधीच पुढचा ऐकू नको, नायतर चुकशील. बूट घाल. जाकीट घाल. चावी घे."

काशीबाईनं तोच निरोप पुन्हा एकदा ऐकला. मग उठली. हिरव्या साडीवर जगनचं काळं जाकीट चढवलं, चावी पदराच्या गाठीत बांधली आणि दार ओढून घेतलं. कुलूप आपोआप लागल्याचा आवाज आला. आता परत फिरायचं तरी ती गाठ सोडावी लागणार होती.

"खाली उतरलीस की ज्या अंगाला ट्राम जाते त्या अंगाला चाल. लांबवर एक उंच दगडी मनोरा दिसंल. त्याच्यावर सोन्याचं घड्याल हाय. तो डोल्यापुढनं सोडू नको."

मनोरा दिसला. गल्ल्या वळायच्या, मनोरा घरांआड जायचा, काशीबाईचे पाय थबकायचे. चार पावलं पुढं गेलं की पुन्हा वर सोनं चमकायचं. असं करत ती एका मोठ्या चौकात आली. चारी बाजूंना टोकदार माथ्यांची घरं, प्रत्येक टोकावर काही ना काही सोनेरी. मध्ये एक उघडाबंब पुतळा, हातात तुटलेला पंजा धरून तो फेकायच्या पवित्र्यात उभा. त्याच्याखालून पाणी नुसतं दगडांवर वाहत होतं.

"पोचलीस?" जगनचा आवाज म्हणाला. "हितले लोक सांगतात, ह्या नदीवर एक राक्षस बसायचा. येनाऱ्या-जानाऱ्या होडीकडनं जकात मागायचा, नाय दिली तर खलाश्याचा हात तोडायचा. मग ह्या बाबानं राक्षसाचाच हात तोडला आनी नदीत फेकला."

"बरा केलान," काशीबाई फोनला म्हणाली. शेजारी फोटो काढणारी एक बाई वळून हसली. काशीबाईही हसली, आणि त्या हसण्यानं तिची निम्मी भीती उतरली.

तिथून जगननं तिला नदीवर नेलं. आधी नदीकाठचा जुना किल्ला, मग धक्क्यावरच्या लोखंडी छपरांवरून जाणारी उंच वाट. वाटेवर आली आणि वारा तोंडावर आला. काशीबाईनं नाक वर केलं. ओहोटी लागली होती. धक्क्याच्या खाली, दगडांच्या पायथ्याशी, काळा ओला चिखल उघडा पडला होता आणि त्याचा तोच वास येत होता, जो तिच्या घराच्या मागल्या दारी यायचा. विमानानं एवढं लांब आणलं आणि चिखल मात्र आपलाच निघाला. ती कठड्याला धरून वाकून बघत राहिली. चिखलातल्या निवट्या मासोळ्या कुठं उड्या मारत नव्हत्या, एवढाच काय तो फरक.

पाय आता आपसूक पडत होते. तिनं एका बाकावर बसून बरोबर बांधून घेतलेली भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली, जाणाऱ्या बार्जा, मालाच्या त्या लांबट बोटी, बघितल्या. बार्जेच्या छपरावर कुणी फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्या होत्या, एकीवर तर मोटारगाडी उभी होती. हे सगळं इंदूला सांगायचं, ती मनात ठरवत होती.

वाट संपली तिथं एका लहानशा चौकात विटांची बसकी इमारत होती. काशीबाईनं पुढचा निरोप लावला.

"आये, ह्या इमारतीत लाकडी जिना हाय, आपोआप खाली जानारा. तो नदीच्या खाली जातो. नदीखालनं चालायचा रस्ता हाय, पार पलीकडच्या काठाला. तू नुसती डोकावून बग आनी परत फिर. एकटी उतरू नको. ते आपन दोघं करू."

काशीबाई डोकावली. जुन्या लाकडाच्या पायऱ्या करकरत खाली जात होत्या, खोल, खोल. तिच्या बाजूनं एक पांढऱ्या केसांची बाई आली, हातात सायकल. तिनं सायकलीसकट पायरीवर पाय ठेवला आणि शिट्टी वाजवत खाली गेली. काशीबाई बघतच राहिली. ती बाई आपल्याहून मोठीच असेल.

गावाला खाडीपलीकडं जायचं म्हणजे तरीची, पलीकडं नेणाऱ्या होडीची, वाट बघणं आलं. ओहोटीला तर चिखलात रुतून बसायची. जगन तान्हा असताना तापानं फणफणला होता; त्याला छातीशी धरून ती भरती येईपर्यंत काठावर उभी राहिली होती. समोर दवाखान्याचं गाव दिसत होतं आणि मध्ये ना धड पाणी ना धड जमीन. तेव्हाच्या त्या बाईला कुणी सांगितलं असतं, की पाण्याच्या खालून पायवाट असते, तर तिचा विश्वास बसला नसता.

"जगन्या, मी जातय," ती म्हणाली, आणि फोन जाकिटात टाकून तिनं पायरीवर पाय ठेवला.

खाली पांढऱ्या फरश्यांचा गोल बोगदा, सरळ, एवढा लांब की पलीकडची माणसं मुंग्यांएवढी. आत गारवा होता. काशीबाई मध्यावर आली आणि थांबली. आता डोक्यावर नदी, नदीवर बार्जा, बार्जांवर कुंड्या. तिनं वर बघितलं आणि भिंतीला हात लावला. भिंत कोरडी होती. तिला एकाएकी हसू फुटलं. असं हसू की जाणारेयेणारेही हसू लागले. मग ती झपाझप निघाली. मिठाची टोपली डोक्यावर असताना चालायची तशी, कंबर ताठ, हात हलते.

पलीकडच्या काठावर हिरवळ होती. ती वर आली, वळली, आणि अख्खं शहर पाण्यापलीकडं मांडून ठेवलेलं दिसलं: तो मनोरा, तो किल्ला, ती वाट जिथून ती आली होती. एवढं सगळं आपण आपल्या पायांनी मागं टाकलं.

तेवढ्यात नदीच्या वळणावरून एक जहाज आलं. बाजूला जाडजूड नळ लटकलेला. तसलं जहाज तिनं धरमतरला बघितलं होतं. तिनं फोन काढला आणि जगनला लावला.

"आये, घरी पोचलीस?"

"नाय. तुझं जहाज कुठं हाय?"

"नदीत. कामावर. का गो?"

"नल लटकतो, तेच काय? मी समोर उभी हाय. ह्या अंगाला."

"कुठल्या अंगाला?"

"पलीकडं. गवतावर."

"आये, तू बोगद्यातनं गेलीस?"

"मग काय पोहत आले?"

तिनं जाकीट काढलं. हिरवी साडी वाऱ्यावर फडफडली. तिनं जाकीट धरून हात वर केला आणि ते गोल गोल फिरवलं, जशी ती बांधावरून होडीला हाक मारताना फडका फिरवायची. जहाजावर एक नारिंगी ठिपका कठड्यापाशी धावत आला आणि त्यानंही दोन्ही हात वर केले. मग जहाजाचा भोंगा वाजला, एकदा, दोनदा. हिरवळीवरची माणसं उठून बघायला लागली. काशीबाई त्यांच्याकडं वळून, छातीवर हात ठेवून, शुद्ध आगरी बोलीत सांगत सुटली: त्यो माजा पोर, त्यो माजा.

संध्याकाळी जगन घरी आला तो रागावल्याचं तोंड करून. चपला काढेपर्यंतही ते टिकलं नाही. अख्ख्या जहाजाला आई दाखवली होती त्यानं. कप्तानानं स्वतः भोंगा वाजवला होता. उरलेल्या दिवसांत काशीबाई रोज एकटी बाहेर पडली. जगन कामावर जाताना विचारायचा, "आज कुठल्या अंगाला?" आणि ती म्हणायची, "बगते."

गावी परतली तेव्हा बायका जमल्या. काशीबाईनं बोगद्याचं सांगितलं. कुणी विश्वास ठेवला, कुणी तोंडाला पदर लावला. गुणाजी कोंबड्यांना दाणे टाकता टाकता ऐकत होते.

त्या दिवाळीनंतर काशीबाई कामाशिवाय रोह्याला गेली. पेणला गाडीत बसली, बहिणीच्या दारात उभी राहिली. इंदुबाई घाबरली. "कोन गेलं गो?"

"कोन नाय गेलं. चपला घाल."

"कशाला?"

"तुझं गाव बगायचं हाय."

"त्यात काय बगायचं?" इंदुबाई म्हणाली, पण चपला घातल्या. दोघी अष्टमीतून निघाल्या, दुकानांपुढून, पुलावर आल्या. पुलाच्या मध्यावर इंदुबाई थांबली. तीस वर्षं ती या पुलावरून बाजाराला गेली होती, नेहमी पिशवी हातात आणि डोळे रस्त्यावर. आता हात मोकळे होते. खाली कुंडलिका संथ वाहत होती, काठावर कुणी म्हशी धूत होतं, आणि लांब डोंगरांच्या रांगा एकीमागं एक निळ्या होत गेल्या होत्या.

"एवढे डोंगर दिसतात हितनं?" इंदुबाई म्हणाली.

"पुढं चल," काशीबाई म्हणाली. "अजून पलीकडचा काठ हाय."