एप्रिल ते ऑक्टोबर

मंगलकाकूंनी माझी चूक पकडली तेव्हा मी त्यांच्यावर चिडलो होतो, हे आधीच कबूल करतो. वाइनच्या कंपनीत मी द्राक्षखरेदीचं काम बघतो. जन्म तासगावचा, तोही बागायतदाराच्या घरातला, वर शेतकीची पदवी. द्राक्षातलं मला कुणी शिकवावं याची सवयच नव्हती.

काकू विट्याच्या वरच्या अंगाला, माळावरच्या एका गावात राहतात. त्यांचे यजमान मानसिंग गलाईच्या धंद्यात. दूर तमिळनाडूत सोनं गाळतात, वर्षातून दोनदा घरी येतात. घरची दोन एकर काकूच बघतात. तरुणपणी त्या जवळच्या एका हवामान केंद्रावर झाडलोटीला जायच्या. तिथला माणूस रजेवर गेला की तापमान बघून लिहायचं काम त्यांच्यावर यायचं. तो माणूस पुढं पुढं रजेवरच राहायला लागला आणि काम काकूंच्या गळ्यात पडलं. मग केंद्र बंद झालं, पण काकूंची खोड काही गेली नाही. सुताराकडून फटींची लाकडी पेटी करून घेतली, बागेत रोवली, आत तापमापक टांगले. दिवसाचा सर्वांत जास्त आकडा आणि रात्रीचा सर्वांत कमी, दोन्ही रोज वहीत. मी एकदा बागेत सहज म्हणालो, "आज पस्तीस असेल, नाही काकू?"

"आसंल कशाला? पेटी समोर हाय, बघून सांगा की."

अशी बाई. गावात कुणी त्यांच्याशी वाद घालत नाही.

त्यांच्या बागेत शिराज आहे, आमच्याच सांगण्यावरून लावलेली. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं. बाजारात कुणी खात नाही, बेदाण्यालाही चालत नाही. कंपनीनं घेतलं तर पीक, नाहीतर वेल उपटून सरपण. आठ वर्षांचा करार गेल्या वर्षी संपत होता, तेवढ्यात पुण्याच्या मुख्य कार्यालयातून फर्मान आलं: प्रत्येक गावाची हवामानाची पायरी काढा. पाचव्या पायरीत येईल त्या गावाचा करार वाढवायचा नाही; तिसरीपर्यंत दहा वर्षांचा नवा करार, चौथीचं पुणं ठरवणार.

हिशेब तसा सोपा आहे. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान मिळवायचं, निम्मं करायचं, त्यातून दहा वजा करायचे, कारण दहा अंशांच्या खाली वेल वाढत नाही. उरतं ते त्या दिवसाचं ऊबदारपण. हंगामभराची बेरीज केली की गावाची पायरी कळते. पहिली सर्वांत थंड, पाचवी सर्वांत तापट. फॉर्मवर हंगाम छापून आला होता, एप्रिल ते ऑक्टोबर. मी तालुक्याचे सरकारी आकडे घेऊन मुकाट बेरीज केली. काकूंच्या गावाची साडेतीन हजारांवर गेली. चौथी पायरी साधारण साडेएकोणीसशेला सुरू होते आणि पाचवी बावीसशेलाच. मी सही करून अहवाल पाठवला आणि काकूंना फोन करून वाईट बातमी सांगितली.

दुसऱ्या दिवशी त्या एसटीनं सांगलीला माझ्या कचेरीत आल्या. पिशवीत आठ वर्षांच्या वह्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"कुठले म्हैने धरलं?"

"एप्रिल ते ऑक्टोबर."

"एप्रिलात आपण काय करतो, साहेब?"

"छाटणी," मी वैतागून म्हणालो.

"कंची?"

"खरड छाटणी."

"मग घड कवा धरतो?"

मी फॉर्म पुढं ओढून पुन्हा वाचला. एप्रिलात आपण वेल खरडून टाकतो ती नुसती काडी तयार व्हावी म्हणून. फळाची छाटणी ऑक्टोबरात, आणि मार्चला तोडणी आटोपते. फॉर्ममधल्या त्या सात महिन्यांत वेलीवर घड नसतोच. तो हंगाम बर्फाच्या देशांतला, जिथं वेल हिवाळ्यात झोपते. पण एप्रिल आणि ऑक्टोबर ही आमच्याकडं छाटण्यांचीच नावं. वाचल्यावर शंका यावी कशी? एखाद्या परक्या माणसाला कदाचित आली असती. मला, तासगावच्या शहाण्याला, आली नाही. लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडतो.

आम्ही दोघांनी दोन दिवस बसून निम्म्या ऑक्टोबरपासून निम्म्या मार्चपर्यंतची, म्हणजे पाच महिन्यांची, बेरीज केली. पहिल्या सहा वर्षांची अठराशेच्या आसपास आली, म्हणजे तिसरी पायरी. मी टुणकन उडालोच. मग शेवटच्या दोन वर्षांच्या बेरजा आल्या. एक एकोणीसशे पंचावन्न, दुसरी एकोणीसशे ब्याऐंशी. चौथी पायरी. फेब्रुवारीच्या रात्री तापायला लागल्या होत्या.

"ही दोन सोडून देऊ," मी म्हणालो. "सहा वर्षांची सरासरी पुरे आहे. दहा वर्षांचा करार मिळेल."

"लिवा."

"काकू, बाग तुमची जाईल."

"तापल्यात रात्री, तर तापल्यात. लिवा. आन् ही बेरीज पाचच म्हैन्यांची हाय, त्ये बी लिवा. सातांच्या मापानं पाच मोजल्यात, पुण्याला कळू द्या."

लिहिलं. चूक माझी, आकडे त्यांचे, असंही लिहिलं. महिन्याभरानं उत्तर आलं. बाग राहिली, पण करार दहाऐवजी तीनच वर्षांचा. तिसऱ्या वर्षी पुन्हा बेरीज.

कागद घेऊन मी स्वतः गावी गेलो. काकूंनी सावकाश वाचून सही केली. माझी जळजळ काही जाईना. गाडीत बसता बसता मी बोललोच, "ती दोन वर्षं लिहिली नसती, तर पुढची दहा वर्षं तुम्ही निर्धास्त राहिला असता."

काकूंच्या आवाजात राग नव्हता.

"आन् आठव्या वर्सी घड उकाड्यानं मऊ पडलं आसतं, मग तुमी मला काय सांगितलं आसतं?"

आठव्या वर्षी ‘कंपनी माल घेत नाही’ हे सांगायलाही मीच आलो असतो.