पाण्यातला पालक

माझं माहेर घुग्घुसचं. तिथे दोरीवर टाकलेला पांढरा कपडा संध्याकाळी काळा होऊन घरात यायचा आणि आई कोळशाच्या खाणीच्या नावाने बोटं मोडत तो पुन्हा भिजवायची. म्हणून लग्नानंतर कळलं की यांच्या संशोधनासाठी आपल्याला जंगलातल्या एका नव्या धरणावर राहायचं आहे, तेव्हा मला नवऱ्यापेक्षा धुण्याचा आनंद जास्त झाला. ऐंशीनंतरची चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हा. धरणाच्या कॉलनीत थोडी घरं होती आणि नळाला पाणी थेट जलाशयाचं यायचं. पावसाळा सरला, ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि माझ्या रुखवतातल्या चादरी हिरव्या निघाल्या.

"हे तर फार छान झालं," हे म्हणाले. मी हातातली चादर यांच्या अंगावर फेकली.

यांचा अभ्यासच त्या हिरव्याचा होता. पाण्यात डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक वनस्पती तरंगतात, त्यांना वनस्पती प्लवक म्हणतात आणि मासे शेवटी त्यांच्यावरच जगतात, हे मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच पाठ झालं होतं. पाण्यात माशांना श्वासाला लागणारी हवाही तेच बनवतात, तीही उन्हावर. हे रोज जलाशयात बाटल्यांच्या जोड्या टांगत. एक उघडी, तिला ऊन लागायचं. दुसरी काळ्या कापडाच्या पिशवीत, तिथे हवा बनायची नाही, नुसती खर्च व्हायची. दोन्हींतल्या फरकावरून हे पाणी किती मासे पोसेल याचा अंदाज काढायचा. इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण ते काळं कापड माझ्या छत्रीचं होतं.

ती छत्री बाबांनी दिली होती. खाणीच्या पाळीवरून येताना स्वतः ऊन खाल्लं, पण मुलीला सासरी छत्री हवी म्हणून चांगली लाकडी मुठीची आणली. मी दिवाळीला माहेरी गेले आणि परत येऊन बघते तर अर्धी छत्री बाटल्यांना नेसवलेली. मी अबोला धरला. तो यांच्या लक्षातच आला नाही, म्हणून मलाच सोडावा लागला.

कॉलनीतल्या बायकांना त्या काळ्या पिशव्यांचा वेगळाच संशय होता. एकीने मला हळूच विचारलं, "कोनावर करून राह्यले जी तुमचे साहेब?" मी म्हटलं, आमच्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हाच करणी-धरणी सगळं घराबाहेर गेलं. आमच्याकडे फक्त छत्रीवर करणी होते.

यांचा डोंगा वल्हवायला धरणाखालच्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, वस्तीतले एक वयस्कर भाऊ येत. सगळी वस्ती त्यांचं ऐकायची. प्लवक हा शब्द काही त्यांच्या तोंडात बसेना. ते म्हणाले, "पालक म्हना ना सीधं. मासोळीले पालकाची भाजी." तेव्हापासून आमच्या घरातही पालकच झालं. हे एकदा मोठ्या साहेबांपुढे "पालक वाढला आहे" असं म्हणून गेले आणि साहेबांनी जुडीभर मागितला.

त्या श्रावणात भाऊंनी एक धाडस केलं होतं. जलाशयात पहिल्यांदाच रोहू-कतला माशांचं बीज सोडलं आणि घरोघरी जाऊन सगळ्यांकडून कबूल करून घेतलं की उन्हाळा सरत येईपर्यंत धरणात कोणी जाळं टाकायचं नाही. तोवर नदीत मिळेल ते खायचं. पोरंबाळं असलेल्या घरांनी केवळ त्यांच्या शब्दावर ते मान्य केलं होतं.

आणि कॉलनीतल्या बायका हिरव्या नळाची तक्रार घेऊन पाणीपुरवठ्याच्या साहेबांकडे गेल्या. साहेब भला माणूस होता. त्यांनी लगेच चंद्रपूरहून मोरचूद मागवलं. तो निळा विषारी खडा पाण्यात सोडला की हिरवं मरतं.

भाऊ आमच्या पायरीवर येऊन बसले. चहा दिला तर हातातच धरून राहिले.

"बाई, पालक मेला त बीज का खाईन? मोरचुदानं बीजच मेलं त? लोकायनं माह्या शब्दावर जाळे टांगून ठेवले. मी कोन्या तोंडानं वस्तीत जाऊ?"

इतक्या ऐटीत वल्हं मारणारा माणूस असा बसलेला मला बघवेना. हे साहेबांना समजावून आले. प्राथमिक उत्पादकता, विद्राव्य प्राणवायू, सगळं सांगून आले. साहेबांनी मान डोलावली आणि मोरचुदाचा दिवस ठरवला.

मला संताप आला. मी लिंबाचं लोणचं पातेल्यात ओतलं, काचेच्या दोन्ही बरण्या घासल्या आणि उरलेली अर्धी छत्री उसवून एका बरणीला झबलं शिवलं. सुई प्रत्येक टाक्याला बोचत होती, बोटाला कमी आणि मनाला जास्त.

सकाळी धरणाच्या काठावर कॉलनीतल्या बायका आणि साहेब, सगळ्यांना बोलावलं. दोन्ही बरण्यांत तेच हिरवं पाणी आणि सारख्याच इवल्या मासोळ्या घातल्या. झाकणं कणकेने बंद केली, एका बरणीला झबलं घातलं आणि उन्हाने तापू नयेत म्हणून दोन्ही उथळ पाण्यात ठेवल्या. भाऊ काकुळतीने म्हणाले, "मरू देऊ नोका हो."

दुपार कलली तशी मला धीर धरवेना. झबलं ओढून काढलं. काळ्या बरणीतल्या मासोळ्या वर येऊन तोंडं उघडझाप करत होत्या. उघड्या बरणीतल्या मजेत पळत होत्या. मी घाईने दोन्ही झाकणं उघडली आणि सगळ्या मासोळ्या धरणात सोडल्या.

"म्हणजे ही हवा हिरव्याची?" साहेबांनी विचारलं.

"पन रातच्याले ऊन नसते," करणीचं विचारणाऱ्या बाई म्हणाल्या. "मंग?"

यांचा चेहरा असा खुलला की आमच्या लग्नातही तसा खुलला नव्हता. "रात्री सगळं धरणच काळ्या पिशवीत असतं. दिवसा साठवलेल्यावर भागवायचं. म्हणून तर मोजायचं, की या पाण्याने किती तोंडं पोसावीत." बाईंनी मान डोलावली. महिनाअखेरचा संसार त्यांना कोणी समजावून सांगायला नको होता.

मोरचूद परत गेलं. कॉलनीला हातपंप मिळाला. माझ्या चादरी पांढऱ्या झाल्या आणि छत्रीच्या नुसत्या काड्या उरल्या. चंद्रपूरकडचा उन्हाळा मी डोक्यावर ओला पदर घेऊन काढला आणि रोज यांना त्याची आठवण करून दिली.

मे महिन्यात जाळं पडलं. दिवसभर वस्तीतून आरडाओरडा ऐकू येत होता. पोरं कतले डोक्यावर घेऊन नाचत होती. मी दारात उभी राहून वाट पाहत होते. कॉलनीतही घरोघर मासोळी गेली, आमच्याकडे कोणी आलं नाही. मला राग आला, मग राग गेला आणि वाईट वाटू लागलं.

ऊन उतरता उतरता भाऊ आले. एका हातात मोठा कतला, काखेत काहीतरी कागदात गुंडाळलेलं.

"सगळ्यांकडे गेली, भाऊ," मी फणकाऱ्याने म्हटलं. "आमचंच घर शेवटी काऊन?"

"पाहुन्यायले पयले वाढतेत, बाई. घरच्यायले मागून."

त्यांनी काखेतला कागद सोडला. आत नवी काळी छत्री होती, लाकडी मुठीची.

"अरे वा," हे पुढे झाले आणि कापड बोटांनी चाचपून उजेडाकडे धरू लागले. मी ती हिसकावून घेतली आणि अंगणात जाऊन उघडली. ऊन जवळजवळ गेलंच होतं, तरी मी बराच वेळ तिच्याखाली उभी राहिले, कारण मला रडू येत होतं आणि ते या दोघांना दिसायला नको होतं.