समाधानीचं बटण

‘मजेत’ या शब्दाची मावशीला भयंकर चीड होती. कसं काय विचारल्यावर जो माणूस पटकन ‘मजेत’ म्हणतो, त्याला पुढचा प्रश्न नको असतो, असं तिचं ठाम मत होतं. तिचा नवरा आयुष्यभर मजेतच होता. पोट धरून कोपऱ्यात बसायचा आणि मजेत म्हणायचा, तसाच एके दिवशी मजेत गेला.

एकोणीस वर्षं मावशी बाळंतिणींच्या वॉर्डात आया होती. तिथे शब्द तोलूनमापून वापरावे लागत. ‘सुखरूप’ म्हणजे आई आणि मूल दोघं वाचली, त्यापलीकडे काही नाही, पण दारात ताटकळलेल्या बापाला तो शब्द सांगण्याआधी डॉक्टरीणबाईसुद्धा एकदा मागे वळून बघत. ‘बरी आहे’ म्हणजे आज ताप नाही, उद्याचं उद्या. ‘ठीक आहे’ म्हणजे डॉक्टरांनाच अजून काही कळलेलं नाही. बाकीचे शब्द ती घरात शिकली. सासू ‘खुशाल जा’ म्हणाली की सुनेने उचललेली पिशवी मुकाट्याने खाली ठेवायची असते, हे तिला कोणी समजावून सांगितलं नव्हतं.

म्हातारपणी गुडघ्यांनी वॉर्डाच्या फेऱ्यांना नको म्हटलं, म्हणून ती या वृद्धनिवासात लागली. दोन मजले, सोळा खाटा, जिथे तिथे फिनेलचा वास आणि भिंतीवर हसऱ्या म्हाताऱ्यांची चित्रं. खरे म्हातारे त्या चित्रांखाली भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. इथल्या व्यवस्थापकाला सगळे कामवाले पाठीमागे ‘आनंदीआनंद’ म्हणत. गुळगुळीत गालांचा हा गृहस्थ कुठलंसं तीन दिवसांचं शिबिर करून आला होता आणि तेव्हापासून नाकाने कांदे सोलत होता. नकारात्मक शब्दांनी माणूस आजारी पडतो, असा त्याचा शोध होता. स्वतःला साधी सर्दी झाली की मात्र चार दिवस रजेवर.

त्याने मोबाइलवर एक सोय केली होती. रोज संध्याकाळी प्रत्येक खाटेच्या नंबरापुढे एक बटण दाबायचं आणि तो निरोप घरच्यांना जायचा. बटणं चार: आनंदी, प्रसन्न, समाधानी, स्वस्थ. पाचवं नाही. म्हातारा रडला काय, ओकला काय, घरी खबर प्रसन्नच. आणि घरचेही काय थोर! निरोप आला की अंगठा दाखवायचा आणि तीन महिने फिरकायचं नाही. खोटं विकणारा एक, घेणारे सोळा, आणि मधे बटण दाबायला मावशी.

मंगळवारी सकाळी नऊ नंबरच्या खाटेवरचे मास्तर न्हाणीघरात पडले. मास्तर म्हणजे शिंपी. चाळीस वर्षं मशीन चालवलेला, मोजकं बोलणारा माणूस. मावशीने दुसऱ्या बाईच्या मदतीने त्यांना खाटेवर आणलं. तेव्हाच तिला दिसलं की उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला कललंय आणि तो पाय डाव्यापेक्षा आखूड वाटतोय. ती तडक व्यवस्थापकाकडे गेली.

“मुरगळला असेल,” आनंदीआनंद म्हणाला. “शुक्रवारी डॉक्टर येतातच की.”

“साहेब, ते कूस बदलू शकत नाहीत. जेवले नाहीत. हलले की घाम फुटतोय.”

“पण आत्ता ओरडतायत का?”

“नाही. गप पडून आहेत.”

“मग स्वस्थ दाबा.”

मावशीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. विनोद करत असता तर तिने एक वेळ माफही केलं असतं. पण तो मनापासून बोलत होता. मंगळवारी तिने स्वस्थ दाबलं. बुधवारी बोट चुकूनमाकून नव्हे, चांगलं बघूनसवरून समाधानीवर ठेवलं, कारण नोकरी हवी होती. घरी गेल्यावर तिला स्वतःची किळस आली. इतकी वर्षं नवऱ्याला नावं ठेवली, आणि आपण तरी काय वेगळं केलं?

गुरुवारी दुपारी तिने मास्तरांच्या मुलाला फोन लावला.

“वडिलांचा पाय मोडलाय असं मला वाटतं. आजच या.”

“पण काल तर समाधानी आलंय,” मुलगा म्हणाला.

“ते मीच दाबलंय. खोटं दाबलंय. या.”

चारच्या सुमारास तो आला. हातातली गाडीची किल्ली त्याने खिशात घातली नाही, म्हणजे मुक्काम किती ते कळलंच. मागोमाग आनंदीआनंद हसतमुखाने हजर. मुलगा खाटेच्या कडेला टेकला.

“काय बाबा, कसं वाटतंय?”

“मजेत,” मास्तर म्हणाले. कपाळावर घामाचे थेंब होते. “तू जेवलास का?”

मुलाने मावशीकडे बघितलं. त्या नजरेत सुटका जास्त होती की राग, ते त्यालाच ठाऊक.

“मावशींचा स्वभाव जरा घाबरट आहे,” आनंदीआनंद म्हणाला.

मावशीला त्या तिघांचाही संताप आला. म्हाताऱ्याचा सगळ्यात जास्त. पोराला त्रास नको म्हणून मरायला निघालेल्या या शहाण्यांनीच असल्या पोरांना आणि असल्या साहेबांना माजवून ठेवलंय.

“मजेत ना, मास्तर?” ती म्हणाली. “मग पोरगा निघालाय, दारापर्यंत सोडायला चला.”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग खरोखरच दोन्ही हात खाटेवर टेकले आणि उठायला गेले. दोन बोटंही उठले नसतील, तोंडातून असा आवाज निघाला की पलीकडच्या खाटेवरची आजी दचकून जागी झाली. मावशीने पांघरूण बाजूला ओढलं. मांडी काळीनिळी सुजली होती, पाऊल साफ आडवं पडलं होतं.

“बाबा!” मुलाची किल्ली खाली पडली.

“दुखतंय रे,” मास्तर म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. “फार दुखतंय. मंगळवारपासून दुखतंय.”

रुग्णवाहिका येईपर्यंत मुलगा बापाचा हात धरून बसला. आनंदीआनंद मात्र मावशीला दाराशी घेऊन गेला आणि हळू आवाजात म्हणाला, “तुमच्या भल्यासाठीच सांगतोय मावशी, उद्यापासून येऊ नका.”

तेवढ्यात स्ट्रेचर आत आलं.

“माझं भलं राहू द्या,” मावशी म्हणाली. “इकडे या आणि ती चादर धरा. उचलताना पाय हलता कामा नये.”