बिनकामाचं माणूस

माझी थोरली बहीण गुरम्मा ख्रिस्ती झाली. ती का झाली हे सांगताना माझ्या डोक्यात अजूनही तिडीक जाते. कुणी तिला पैसा दिला नाही, धमकावलं नाही, की चमत्कार करून दाखवला नाही. उदगीरकडच्या एका मिशनच्या दवाखान्यातल्या मास्तराने तिला एवढंच सांगितलं, की देवाला तुझी काही गरज नव्हती, तरी त्याने तुला केलं. एवढ्यावर माझी अक्का गेली. आम्ही मुरुडचे लिंगायत, पेठेत दुकान, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. आमच्या घरची बाई अशा एका वाक्यावर जाते म्हणजे काय!

अक्काचं लग्न तेराव्या वर्षी झालं. सासर नांदेड जिल्ह्यात मुखेडकडे. सतराव्या वर्षी नवरा साप चावून गेला. पोटी काही नव्हतं. सासरच्यांनी दोन सुग्या तिच्याकडून ज्वारी काढून घेतली आणि मग मुरुडला आणून सोडली. तेव्हापासून ती आमच्याकडे. माझ्या बायकोची, शिवगंगेची, तिन्ही बाळंतपणं अक्काने काढली. शेवया, पापड, कुरड्या यांत तिचा हात असा, की पेठेत कुणाचंही लग्न निघालं की पंधरा दिवस आधी तिला बोलावणं यायचं. ती जायची, दळायची, लाटायची, वाळवायची. हळदीच्या दिवशी मात्र ती मागच्या दाराने घरी यायची. तिला कुणी जा म्हणायचं नाही. तिला कळायचं.

आम्ही तिचा छळ केला असं कुणी म्हणू नये. तिला खायला होतं, नेसायला होतं. आमच्या धर्मात कायक मोठं. हाताने केलेलं काम हीच शिवाची पूजा, असं आमचे स्वामी सांगतात. त्या हिशेबाने आमच्या घरात अक्काइतकी पूजा कुणीच केली नसेल.

बहात्तर सालचा दुष्काळ पडला. मुरुडच्या विहिरींचे तळ दिसले. त्या वेळी अक्काच्या दिराचा निरोप आला, की रस्त्याच्या कामावर हजेरीला माणूस कमी पडतंय, वहिनीला पाठवा. बारा वर्षं ज्यांना वहिनी आठवली नाही, त्यांना ती खडी फोडायला आठवली. मला राग आला. पण घरात खाणारी तोंडं जास्त झाली होती, आणि मी तिला पाठवली. हे मी लपवत नाही.

जळकोटच्या रस्त्यावर वैशाखाच्या उन्हात ती चक्कर येऊन पडली. दीर कामाची पाळी बुडेल म्हणून आला नाही. मिशनच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. तिथे ती एकोणीस दिवस पडून होती. मला निरोप दहाव्या दिवशी मिळाला. दुकानात दुष्काळी सुकडी आणि अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीसाठी झुंबड होती, म्हणून मी गेलो नाही. पुढे तिनेच सांगितलं, की तिसऱ्या दिवशी जरा बरं वाटल्यावर ती उठली आणि दवाखान्याची भांडी घासायला बसली. तिथल्या कस्तुराबाई नर्सने तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि तिला परत खाटेवर निजवलं. अक्का घाबरली. काम करू देत नाहीत म्हणजे आता हाकलणार, असं तिला वाटलं.

त्या संध्याकाळी हणमंत मास्तर तिच्या खाटेशी येऊन बसला. नाव हणमंत आणि देव येशू, असा तो माणूस. दवाखान्यातली औषधं द्यायचा, रविवारी उपदेश करायचा. अक्काने त्याला विचारलं, मला फुकट का ठेवलंय. त्याने तिला जगाच्या उत्पत्तीची गोष्ट सांगितली. देवाने सहा दिवसांत सगळं केलं. उजेड, पाणी, झाडं, जनावरं. माणूस केला अगदी शेवटी, सहाव्या दिवशी, स्वतःच्या रूपासारखा. आणि सातव्या दिवशी देवाने विसावा घेतला.

"मग माणसाचा पैला दिवस कोन्चा आला?" मास्तराने विचारलं.

अक्काने बोटं मोजली. "इसाव्याचा."

"हाव. त्यानं अजून एक काडी हलवली नव्हती, तवाच देव त्याला चांगला म्हनला."

अक्का त्या रात्री रडली म्हणे. बरी झाली तरी ती परत आली नाही. तिथेच स्वयंपाकाला राहिली. दोन वर्षांनी बातमी आली, की तिने बाप्तिस्मा घेतला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी एसटीने थेट तिथे गेलो. मास्तर दवाखान्याच्या पडवीत बाटल्या धूत होता. त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी त्याच्या हातचं पाणी प्यालो नाही.

"मास्तर, तुमच्या देवाला काय कमी होतं?" मी उभ्याउभ्याच सुरू झालो.

"काईच न्हाई."

"मग जग कशाला केलं? एकट्याला करमत नव्हतं?"

"करमत न्हाई म्हनून केलं असतं तर ती गरज झाली. त्याला गरज न्हाई. त्याच्यापाशी प्रेम लई हाय, ते कुनाला तरी द्यावं म्हनून केलं."

"आन् तुमच्याच पुस्तकात लिवलंय म्हनं, आपल्या गौरवासाठी केलं. म्हंजे मोठेपना मिरवायला. आमच्या गावचे पाटील बरे की मग, त्यांनी त्यासाठी मानसं तरी नाही घडवली."

मला वाटलं होतं तो चिडेल. तो बाटली उपडी घालून म्हणाला, "लेकरू झालं की बाप गावात साखर वाटतो. मोठेपनासाठी वाटतो का? आनंद घरात मावत न्हाई म्हनून वाटतो. ती साखर खाऊन लोक त्याचं नाव घेतात, तो गौरव."

"पोरगी झाली तर कोन वाटतंय साखर?"

"तो वाटतो," मास्तर म्हणाला.

मला ते पटलं नाही. मला त्याचा तो शांतपणा सहन होईना. मी शेवटचं विचारलं, "येवढं प्रेमानं केलं तर हा दुष्काळ कशापायी पाडला? मानसं मेली, गुरं मेली. ते कोन्तं प्रेम?"

"ते मला ठावं न्हाई," तो म्हणाला.

मी तिथे मोठ्याने हसलो. जग कशाला केलं हे ज्याला ठाऊक, त्याला पाऊस का नाही हे ठाऊक नाही. चार बाया पडवीत जमल्या होत्या, त्यांच्यादेखत मी त्याला नाही नाही ते बोललो. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. रापलेला चेहरा, हाताला खडीचे घट्टे तसेच. हिच्यात म्हणे देवाचं रूप! ती पुढे आली, तिने गळ्यातलं लिंग उतरवून पदरात बांधलेलं होतं, ते माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "अव्वाला दे. निट ठिवायला सांग."

अव्वा म्हणजे आमची आई. तिने ते लिंग दोन दिवस हातात धरून ठेवलं आणि जेवली नाही. त्या दिवसापासून मी अक्काचं नाव टाकलं.

पुढे ब्याऐंशीला लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादचे खेटे संपले. मुरुडचे आम्ही चार-सहा दुकानदार लातूरला आलो. नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, साहेब लोकांची बिऱ्हाडं. धंदा बरा चालला. पाऊस मात्र नव्या जिल्ह्याला काही मानेना. तिसऱ्या वर्षी नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, टँकरमागे बायका धावून राहिलेल्या, आणि त्यातच अव्वाला लकवा मारला. उजवी बाजू गेली. तिला उठवायचं, पुसायचं, भरवायचं, आणि घागरभर पाण्यात सगळं भागवायचं. महिन्यात शिवगंगा टेकीला आली. एक दिवस ती सरळ म्हणाली, "तुमच्या बहिनीला आना. तिला सवय हाय."

मला अक्काची आठवण येत नव्हती असं नाही. पण आणायला जाण्याइतकी आली ती त्या दिवशी.

जायचं कसं, हा प्रश्न होता. अकरा वर्षं तोंड न बघितलेल्या बहिणीला, अव्वाची सेवा करायला चल, असं कोणत्या तोंडाने म्हणणार? श्रावण लागला होता, नागपंचमी तीन दिवसांवर. आमच्याकडे पंचमी म्हणजे लेकीबाळींचा सण. भाऊ मुराळी होऊन जातो, बहिणीला माहेरी आणतो, झोका बांधतो, तिला काडी उचलू देत नाही. अक्काला मी असा कधी आणायला गेलो नव्हतो. ती घरातच होती तेव्हा तिला आणायचं कुठून, आणि गेल्यावर आणायचं कशाला? मी विचार केला, मुराळी होऊन जावं. एक हिरव्या काठांचं लुगडं घेतलं. शिवगंगेने लाह्या बांधून दिल्या. स्वतःच्या अकलेवर मी त्या दिवशी लई खूश होतो.

अक्का दवाखान्यामागच्या खोलीत राहायची. ती मला ओळखेचना. मी लुगडं पुढे केलं आणि म्हणालो, "अक्का, पंचमीला न्यायला आलोय."

ती खाली बसली. तिचे केस पिकले होते, तरी ती लग्न ठरलेल्या पोरीसारखी लाजली. मग उठून तिने सगळ्या दवाखान्याला सांगितलं. कस्तुराबाईला सांगितलं, झाडूवालीला सांगितलं, खाटेवरच्या एका म्हातारीलासुद्धा सांगितलं, की माझा भाऊ आलाय, मला पंचमीला न्यायला आलाय. हणमंत मास्तर काठी टेकत आला. त्याने मला रामराम केला आणि मागचं काही काढलं नाही. मला शरम वाटायला हवी होती. मला बरं वाटत होतं, की काम होतंय.

"अव्वा कशी हाय?" अक्काने विचारलं.

"बरी हाय. तुझी वाट बघून राहिली."

तिने गाठोडं बांधलं. लुगडं नेसूनच निघते म्हणाली आणि नेसून आली. मग दारात थांबून मास्तराला म्हणाली, "चवथ्या दिवशी येते मी. तवर सैपाकाचं बघा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "चार दिवसांत कसं होईल अक्का? अव्वाला उठवाय-बसवायलाच दोन मानसं लागतात."

बोललो आणि जीभ चावली. पण ते सगळ्यांनी ऐकलं होतं. कस्तुराबाई माझ्याकडे बघायची थांबली आणि जमिनीकडे बघू लागली.

अक्का आत गेली. बाहेर आली तेव्हा अंगावर तिचं जुनं पातळ होतं आणि लुगड्याची घडी हातात. तिने ती माझ्या पिशवीत ठेवली.

"पंचमी झाल्यावर येते," ती म्हणाली. "कामाला पंचमी कशाला लागते?"

मी तिच्यावरचा राग मास्तरावर काढला. "हेच शिकवलं का तुमी हिला? आजारी आईपाशी हट्ट करायला?" उत्तर अक्काने दिलं.

"त्याला बोलू नको, संगप्पा. अव्वाचं करायला मी रांगत आले असते. तू नुसतं आजारी हाय म्हनला असतास तर आत्ता निघाले असते. पर तू मला बहीन म्हनून बोलीवलं. मला खरं वाटलं."

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती लातूरच्या स्टँडवरून चालत घरी आली. आल्या आल्या पदर खोचला आणि अव्वाला पुसून घेतलं. तीन महिने तिने अव्वाचं सगळं केलं, आम्ही कुणी केलं नसतं असं केलं. रात्री अव्वाशेजारी बसून ती पुटपुटत प्रार्थना करायची. मला ऐकू जायचं आणि चीड यायची, पण मी काय बोलणार? अव्वा गेली. आमच्या रीतीप्रमाणे तिला बसवून माती दिली. अक्का लांब उभी होती. तिसऱ्या दिवशी तिने गाठोडं बांधलं.

मी तिला स्टँडवर पोचवायला गेलो. उदगीरची गाडी लागलेली होती. मला एकदम वाटलं, हिला जाऊ द्यायचं नाही. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. मी तिचं गाठोडं धरलं.

"अक्का, राहा इथंच."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिने मला अगदी सरळ विचारलं, "कशाला?"

कंडक्टर घंटीची दोरी धरून उभा होता. आत बसलेले लोक बघत होते. तिला सांगण्यासारखं माझ्याजवळ काही आहे का ते मी शोधलं, खरंच शोधलं. आणि म्हणालो, "शिवगंगेला एकटीला घरचं उरकत न्हाई."

अक्का हसली. माझ्या हातातून गाठोडं सोडवून घेऊन ती गाडीत चढली. गाडी निघून गेल्यावर मी स्टँडवरच्या बाकावर बसलो आणि तिला दुसरं काय सांगता आलं असतं याचा विचार केला. मला काही सुचलं नाही.