तुटलेली पट्टी आणि गप्प मिस्त्री

नोकरीत खुनाचे, दरोड्यांचे गुन्हे पुष्कळ तपासले. पण निवृत्त झाल्यावरही मनातून जात नाही ती देवरी भागातली रेसिंग कारची केस. तेव्हा मी तिथल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो.

एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलामुलींनी स्पर्धेसाठी एका माणसाला बसता येईल अशी शर्यतीची गाडी बनवली होती. आराखडा त्यांचा, वेल्डिंग ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या गावातल्या मिस्त्रीचं. काही आठवडे रोज फेऱ्या मारून झाल्यावर शेवटच्या चाचणीच्या दिवशी वळणावर पुढचं चाक निखळलं आणि गाडी बांधावर आदळली. चालवणाऱ्या मुलाची मांडी मोडली, पोटात रक्तस्राव झाला. त्याला नागपूरला हलवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक जण म्हणाला, "साहब, मिस्त्री का बच्चों से झगड़ा हुआ था. पट्टी उसी ने काटी है."

मुलाच्या वडिलांनी तशीच फिर्याद दिली. चाकाचा दांडा गाडीच्या सांगाड्याला जोडणारी लोखंडी पट्टी तुटली होती. पंचनामा करून ती जप्त केली. मिस्त्रीच्या दुकानात आरीही मिळाली. आरी कोणत्याही वेल्डरकडे असते, एवढं साधं त्या घाईत मला सुचलं नाही.

मिस्त्रीला चौकशीला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, हातांवर ठिणग्यांचे डाग.

"पट्टी कापली?"

"मी कायले कापू, साहेब? माया हातचं काम हाये ते."

"मग भांडण काऊन झालं?"

त्यावर तो गप्प बसला. दोन तास तेच. खोटं बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो, हे मला ठाऊक होतं. तरी वरून विचारणा होत होती, म्हणून मी अटकेचे कागद तयार करायला सांगितले.

तेवढ्यात गाडीचा आराखडा करणारी मुलगी ठाण्यात आली. तिसऱ्या वर्षाला होती. म्हणाली, "सर, मला पट्टी बघायची आहे."

पंचांसमोर पट्टीचं सीलबंद पाकीट उघडलं. हात न लावता ती बराच वेळ वाकून बघत राहिली.

"ही कापलेली नाही, सर. आरीच्या रेघा सरळ असतात. इथं बघा, या भोकापासून गोलसर लाटा उठल्यात. तडा रोज थोडा थोडा वाढत गेला. उरलेला खरबरीत भाग शेवटी एकदम तुटला."

"भोक कोणी पाडलं?"

"मी. शर्यतीच्या गाडीत ग्रॅम-ग्रॅम वजन वाचवतात. मिस्त्रीकाकांनी नाही म्हटलं होतं. पट्टी कमजोर होईल म्हणाले. त्यावरूनच आमचं भांडण झालं. मग मी कॉलेजमध्ये जाऊन भोकं पाडली." तिनं टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला. "माझा जबाब लिहून घ्या."

मी मिस्त्रीकडे वळलो. "हे आधी काऊन नाही सांगितलं?"

"पोरगी शिकून राहिली, साहेब. तिचं नाव कागदावर आलं असतं तर जिंदगी खराब झाली असती तिची."

मुलीनं तोंड फिरवलं. ती रडत होती.

पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला. तिचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. फोन करणाऱ्याचा पत्ता मात्र लागला नाही. मुलगा शुद्धीवर आल्यावर त्यानं वडिलांची समजूत घातली, आणि अपघात म्हणून आम्ही तपास बंद केला. मुलगा वर्षभरानं कुबड्यांशिवाय चालू लागला. मिस्त्रीच्या दुकानात जाऊन मी त्याची माफी मागितली. त्यानं स्टूल पुसून दिलं आणि चहा मागवला.

तेव्हापासून तपासात मी आधी वस्तू नीट बघायला शिकलो, माणसावर बोट ठेवायचं ते त्यानंतर. हे मला एका विद्यार्थिनीनं शिकवलं. ती घरी बसली असती तरी तिला कोणी विचारलं नसतं. ती आली, म्हणून एका निरपराध माणसाला बेड्या घालण्याचं पाप माझ्या हातून टळलं. तिचे आणि मिस्त्रीचे उपकार मी विसरलेलो नाही.