चुलीवरचा चिनी देव

आधीच सांगते... भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की उठून चहा टाकायला जाणारी बाई आहे मी. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं, पुढे जन्मभर शाळेत सायन्स शिकवलं. आमच्या घरात आईने देवदेव करायचा आणि मी तिला चिडवायचं, अशी वाटणीच होती. या सदरातले अनुभव वाचतानासुद्धा माझं निम्मं लक्ष 'याचं खरं कारण काय असेल' इकडेच असतं. तरी हा अनुभव लिहितेय, कारण याचं कारण मला आजतागायत सापडलेलं नाही. आणि खरं सांगू? मला तो फार आवडतो.

ऐंशीच्या दशकाची अखेर. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. जळगावात मेहरूणकडे जाणाऱ्या रस्त्यावर आम्ही भाड्याने राहायचो, आणि आमच्या भिंतीला भिंत लागून दाताच्या चिनी डॉक्टरांचं घर होतं. दारावर भलामोठा रंगवलेला जबडा. डॉक्टर हेन्री म्हणजे आमचे हेन्रीभाऊ. वडील कलकत्त्याहून येऊन इथे स्थायिक झालेले, हे मात्र जन्मले जळगावातच. खेड्यावरचे पेशंट आधी त्यांच्या तोंडाकडे बघून बिचकायचे, आणि मग ते अस्सल अहिराणीत "आबा, तोंड उघाड. बठ्ठा दात चांगला शेतस, एकच खराब शे," म्हणाले की हसत खुर्चीत आडवे व्हायचे.

त्यांच्या आई म्हणजे लिन मावशी. उंचीने माझ्या खांद्याइतक्या, आवाज मात्र गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. त्यांच्या मागच्या खोलीत देव होते. जळगावचं चिनी देऊळ म्हणजे तेवढंच. चिनी नवीन वर्षाला भुसावळहून आणि धुळ्याहून आणखी दोन चिनी कुटुंबं तिथे जमायची. लाल मेणबत्त्या मिळेनात तेव्हा मावशींनी निरांजन लावायला सुरुवात केली. धुळ्याच्या सूनबाई शाकाहारी निघाल्या तेव्हा कोंबडीच्या जागी नैवेद्याला भरीत-भाकरी आली. देवांची काही तक्रार नाही, असं मावशी छातीठोकपणे सांगायच्या.

पण त्यांचा लाडका देव त्या खोलीत नव्हताच. तो होता स्वयंपाकघरात, शेगडीच्या वर, भिंतीला चिकटवलेल्या कागदी चित्रात. चुलीचा देव. तो वर्षभर घरातलं सगळं बघतो, ऐकतो आणि नवीन वर्षाच्या आठवडाभर आधी आकाशात जाऊन मोठ्या देवाला रिपोर्ट देतो. जाण्याआधी त्याच्या ओठांना गोड लावायचं, म्हणजे वर गेल्यावर चांगलंच बोलेल. मग चित्र अंगणात जाळायचं. धुरावर बसून देव वर. नवीन वर्षाला नवीन चित्र लावलं की परत हजर. ओठांना पूर्वी मध लावत, पण दिवस संक्रांतीनंतरचे, घरोघरचा तिळगूळ उरलेला, म्हणून मावशी तिळगूळच चोळायच्या आणि देवाला बजावायच्या, "गोड बोला!" आईला ही गोष्ट भलतीच पटली होती.

छापील चित्रं पूर्वी कलकत्त्याहून यायची, ती बंद झाली. माझी ड्रॉइंगची इंटरमिजिएट परीक्षा झालेली, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पहिल्या वर्षी मी जुन्या चित्रावरून इमानदारीत उतरवलं. पुढे हात सैल सुटला. मिशा माझ्या आजोबांसारख्या झाल्या आणि एका वर्षी तर त्याच्या टोपीचा चक्क फेटाच झाला. मी जीभ चावली. मावशींनी चित्र लांब धरून, जवळ धरून पाहिलं. "राहू दे. इथलं ऊन कडक आहे," म्हणाल्या. अंगरखा मात्र लालच हवा, हा त्यांचा हट्ट.

मी शेवटच्या वर्षाला असताना मावशींना पित्ताच्या खड्यांचा त्रास सुरू झाला. तेव्हा त्यासाठी पोट फाडूनच ऑपरेशन व्हायचं. सर्जनने दिलेली तारीख नेमकी देव वर गेलेल्या आठवड्यातली! मावशी हटून बसल्या. देव परत येऊ दे, मग कापा. देव घरात नसताना टेबलावर चढले तर मी काही उतरत नाही, असं त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, आणि त्या शांतपणाचीच आम्हाला भीती वाटली. पण ज्या दिवशी देवाला निरोप द्यायचा त्याच दिवशी सकाळी कळ इतकी वाढली, की हेन्रीभाऊंनी त्यांना उचलूनच दवाखान्यात नेलं. जाता जाता मावशींनी आईचा हात धरला. "अक्का, त्याला तिळगूळ द्या. मग वर पाठवा. माझ्यासाठी थांबवू नका, त्याचं काम आहे."

दुपारी आम्ही मायलेकी त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. आईने तिळगूळ लावला, हळदकुंकू वाहिलं, चित्र अलगद सोडवून अंगणात आणलं. मी काडेपेटी पुढे केली. आई चित्राकडे बघत उभीच राहिली.

"देवले कोनी जाळस का वं?" म्हणाली. आई पारोळ्याकडची. मन भरून आलं की तिची मराठी सुटायची आणि अहिराणी यायची.

"आई, त्यांची पद्धत आहे ती. दरवर्षी मावशी जाळतातच ना?"

"त्या जाळतीन. मना हात नही व्हस. मिशा देख, मना बाप दिसस त्यामा."

आता मिशा तर माझ्याच हातच्या. आईने तिच्या परीने मार्ग काढला. आम्ही रिक्षाने मेहरूण तलावावर गेलो, आरती म्हटली, आणि गणपतीला देतात तसा तीनदा बुडवून त्या चिनी देवाला निरोप दिला. आईच्या डोळ्याला पाणी. मला हसू येत होतं. पाण्यावर लाल पोस्टर कलरचा एक पट्टा पसरला आणि कागद खाली गेला.

संध्याकाळी भेटायच्या वेळेला दवाखान्यात गेलो. हेन्रीभाऊ सकाळपासून तिथून हलले नव्हते. फोन ना आमच्याकडे ना शेजाऱ्यांकडे, आणि तलावाचं आम्ही कुणालाच बोललो नव्हतो. सगळं खरं सांगून टाकायचं, असं आई वाटेत घोकत होती. पण तिने तोंड उघडायच्या आत मावशी उशीवरून खुदकन हसल्या.

"अक्का, त्याला पाण्यात टाकला ना?"

आई स्टूल ओढून जवळ बसली.

"भिजून आला बिचारा. कुडकुडतोय." मावशींनी पायथ्याकडे हात केला. "इथे बसलाय."

तेवढ्यात नर्स ओरडली, "अहो, रक्त! कुठून येतंय?" खाटेखाली पायथ्याशी पाणी साचलं होतं आणि त्यात लालसर रेघा होत्या. तिने घाबरून मावशींचं पांघरूण काढलं, सलाईनची सुई तपासली. सगळं कोरडं, जागच्या जागी. मी वाकून रुमाल टेकवला. देवाच्या अंगरख्याचा तो लाल मी पोस्टर कलरच्या बाटलीतून किती वर्षं काढत आले होते... रक्त सुकताना तपकिरी होतं, हा डाग घरी येईपर्यंत तसाच लाल राहिला. वर छत कोरडं, जवळ नळ नाही, पाइप नाही. मी सगळं पाहिलं, अगदी खाटेचे पायसुद्धा हात फिरवून पाहिले. नर्सने पुसून घेतलं, आम्ही निघालो तर पुन्हा ओल.

आई रडायलाच लागली. "माले माफ करा बाई. मनामुळे देव अडकना."

"अडकला नाही," मावशी म्हणाल्या. त्यांनी आईचा हात आपल्या पोटावर ठेवून घेतला. "तुम्ही जाळला असता तर तो आज वर असता. मी इथे एकटी असते. आता आहे ना बसलेला. उद्या कापू द्या."

ऑपरेशन नको म्हणून हटून बसलेली ती कडक, शांत मावशी कुठच्या कुठे गेली होती. दुसऱ्या दिवशी स्ट्रेचरवरून आत जाताना त्या वॉर्डबॉयला दटावत होत्या, "बाजूने चालव, त्याच्या पायावर चाक जाईल!" ऑपरेशन नीट झालं. पायथ्याची ओल मावशी घरी जाईपर्यंत दवाखान्यातल्या बायका रोज पुसत होत्या आणि रोज आम्हालाच बोलणी बसत होती.

पाणी कुठून यायचं, मला माहीत नाही. रंग कुठून आला, तेही नाही. मावशींना तलावाचं कसं कळलं? आई भाबडी आहे, जाळणार नाही, असा अंदाज त्यांनी केला असेल, असं मी कित्येक वर्षं स्वतःला समजावत आले. पण अंदाजाने खाटेखाली पाणी येत नाही. तो रुमाल कॉलेजच्या लॅबमध्ये न्यायचं माझ्या मनात होतं. आईने नेऊ दिला नाही, आणि मीही फार हट्ट केला नाही.

पुढच्या वर्षी निरोपाच्या दिवशी मावशी ठणठणीत होत्या. देवाचा एक वर्षाचा रिपोर्ट राहून गेलाय, आता दोन वर्षांचं एकदम सांगायचंय, म्हणून त्यांनी दुप्पट तिळगूळ चोळला. आईला त्या म्हणाल्या, "अक्का, तुम्ही घरात बसा. तुम्हाला बघवणार नाही."

आई बसली नाही. तिने मावशींच्या हातातून काडेपेटी घेतली. पदर डोक्यावर ओढला. काडी पेटवून कागदाच्या कोपऱ्याला लावली, आणि धूर पार कौलांच्या वर जाईपर्यंत मान वर करून बघत राहिली.

"जाय बा, जपीसन जाय," ती म्हणाली. "पन लवकर येजो. आम्ही दोन्ही म्हाताऱ्या एकल्या शेतस."