फुंकरीचा डाख

गल्लीच्या तोंडाशी रेडिओ-मिक्सर दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकच्या दुकानात कायम गर्दी असे. त्याचा त्याला कोण अभिमान! गिऱ्हाइकं तीच असतात आणि वस्तूही त्याच परत येतात, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

माणसाचा हात वाईट नव्हता, तोंड नडत होतं. तारेच्या जोडावर वितळलेल्या कथलाचा डाख दिला रे दिला की तो त्यावर फुंकर मारी, जणू पोराचा गुडघाच खरचटलाय. फुंकरीसरशी मान हले, मानेबरोबर हातातला चिमटा, आणि गार होऊ घातलेला डाख आतल्या आत तडके.

अशात त्याच्या सासूबाई चार दिवस राहायला आल्या आणि त्यांच्या कानाच्या यंत्रात सेल धरून ठेवणारी पितळी पट्टी सर्किट बोर्डावरून निखळली.

"यंत्र नीट झाल्याशिवाय मी निघायची नाही," त्यांनी जाहीर केलं. "प्रवासात कुणी काही विचारलं तर?"

मेकॅनिकची आरामखुर्ची सासूबाईंकडे गेली. टीव्ही असा गरजू लागला की शेजारी भिंत ठोकू लागले. त्याने घाईघाईने पट्टी जोडली, फुंकर मारली. संध्याकाळी ती सुटली. पुन्हा जोडली, तर जेवणापर्यंतही टिकली नाही.

"बोर्डच हलका आहे!" तो बायकोवर खेकसला.

"बोर्डाला कशाला बोल लावता? फुंकर तुमची नडतेय. थांबा." तिने पाण्याचा पेला पुढे केला. "गुळणी भरा. गिळायची नाही, थुंकायची नाही. आता द्या डाख."

गाल फुगवून, डोळे वटारून त्याने सोल्डरिंग आयर्न टेकवलं. डाख वितळला, पसरला, थिजला. फुंकरीची उबळ आली, पण तोंड भरलेलं! पट्टी ओढून पाहिली, तर ढिम्म हलेना. उभ्या जन्मातला त्याचा हा पहिला पक्का डाख.

यंत्र सासूबाईंच्या कानात गेलं. हा स्वयंपाकघरात धावला, मोरीत चूळ टाकली आणि बायकोच्या कानाशी कुजबुजला, "सुटलो एकदाचा! म्हातारीची बॅग मीच भरतो. आणि तू मध्ये तोंड घालू नकोस, अक्कल नाही तुला कशाची."

"अहो, हळू..."

"हळूच बोलतोय!"

"ऐकू येतंय हो, जावईबापू," बाहेरून आवाज आला. "अगदी स्वच्छ. माझ्या पोरीशी या घरात कसं बोलतात, ते आज कुठे कळलं. बॅग राहू द्या. महिनाभर ऐकते म्हणते."

आणि आरामखुर्ची फरशीवरून घासत स्वयंपाकघराच्या दाराकडे सरकू लागली.